भिंतीतले पाणी अजून ओसरलेले नाही

चिपळूणच्या बाजारपेठेलगत राहणाऱ्या एका भगिनींचे पत्र आले आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात त्यांच्या चिऱ्याच्या घराच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होते. पाणी ओसरल्यावर बाहेरगावहून आलेल्या मुलांनी चिखल उपसून दिला, घर धुऊन झाले, पंचनामाही झाला. आता तीन आठवड्यांनी भिंतींवर खांद्याइतक्या उंचीपर्यंत काळे-हिरवे ठिपके उमटले आहेत. त्या दर चार दिवसांनी ब्लीचच्या पाण्याने भिंत पुसतात, ठिपके जातात आणि पुन्हा येतात. गणपती 10 सप्टेंबरला आहेत, मुंबईहून दोन्ही दीर सहकुटुंब येणार आहेत. रंगारी म्हणतो, ‘डॅम्पप्रूफचा हात मारून पुट्टी भरतो, वर प्लास्टिक पेंट, चार दिवसांत घर नवे.’ यजमानांना ते पटले आहे. 2005 च्या पुरानंतरही आपण लगेच भिंती रंगवल्या होत्या आणि काही बिघडले नव्हते, असे त्यांचे म्हणणे. सासूबाई 72 वर्षांच्या, मधुमेही. मे महिन्यात त्यांना करोना झाला होता आणि स्टेरॉइड द्यावी लागली होती. सध्या त्या लेकीकडे आहेत आणि गणपतीला घरी यायचा त्यांचा हट्ट आहे. नातेवाईक घाबरवतात की भिंतीवरची हीच ती ‘काळी बुरशी’. शिवाय गाद्या आणि सासूबाईंच्या हातच्या गोधड्या टाकायच्या की ठेवायच्या, यावरून घरात रोज बोलाचाली होते. भगिनी विचारतात: रंग द्यावा की नाही, आणि आईंना घरी आणावे की नाही?

प्रिय ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते: पुट्टी आणि प्लास्टिक पेंट यंदा गणपतीपूर्वी देऊ नका. पण तुम्ही पत्रात जी निवड मांडली आहे, म्हणजे एकीकडे रंगवलेले प्रसन्न घर आणि दुसरीकडे बुरशीचे डाग घेऊन बसलेले उदास घर, ती मुळात खरी निवड नाही. या दोहोंच्या मधला एक मार्ग तुमच्या आजेसासूबाईंच्या काळी सगळ्या कोकणाला माहीत होता. त्याकडे मी येतेच.

रंगाऱ्याच्या बोलण्यात गृहीत धरलेली गोष्ट अशी की भिंत वाळली आहे, उरले आहेत ते केवळ डाग. तुम्हालाही तसेच वाटते, कारण हात लावला की भिंत कोरडी लागते. तुमचा चिरा म्हणजे जांभा, आणि जांभा हा सच्छिद्र दगड आहे, त्याच्या अंगात बारीक पोकळ्या असतात आणि छातीभर पाण्यात चोवीस तास उभी राहिलेली फूटभर जाडीची भिंत ते पाणी आतपर्यंत पिऊन घेते. नंतर ते चिऱ्यातून आणि गिलाव्यातून वरही चढते. म्हणूनच पाण्याची रेघ छातीशी असताना तुमचे ठिपके खांद्यापर्यंत पोहोचले आहेत. असे पाणी बाहेर पडायला आठवडे नव्हे, महिने लागतात, आणि तेही बाहेरची हवा कोरडी असेल तर. श्रावणातल्या चिपळूणच्या हवेत दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, तिथे भिंतीची काय कथा. पृष्ठभाग कोरडा लागतो तो तुमच्या पंख्यामुळे. आतली ओल तशीच आहे.

हे माझ्या शब्दावर मान्य करण्याची गरज नाही, यजमानांच्या देखत तपासून पाहता येईल. दीड फूट लांब-रुंद असा स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, कंबरेच्या उंचीवर जिथे रंग खरवडला गेला आहे अशा जागी तो भिंतीवर पसरा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने हवाबंद करा. एक पूर्ण दिवस तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला, दवासारखे थेंब दिसले किंवा त्याखालचा गिलावा भोवतीपेक्षा काळसर पडलेला दिसला, तर पाणी भिंतीतून येत आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर तो खोलीतल्या दमट हवेचा प्रताप. हीच परीक्षा छताजवळ, जिथे पुराचे पाणी पोहोचले नव्हते, तिथेही करा. दोन तुकडे शेजारी-शेजारी पाहिले की घरात वाद उरणार नाही.

अशा भिंतीला आतून डॅम्पप्रूफचा हात मारणे म्हणजे ओले कपडे घडी करून कपाटात ठेवणे आहे. पाणी नाहीसे होत नाही. त्याची बाहेर पडण्याची एक वाट बंद होते आणि ते दुसरी शोधते. बहुधा ते आणखी वर चढते, किंवा कोटिंगच्या मागे साचून राहते आणि येत्या उन्हाळ्यात पुट्टीचे पोपडे तळहाताएवढे सुटून पडतात, त्यांच्या मागे लोणा, म्हणजे भिंतीतून उमटलेला खार, आणि बुरशी दोन्ही सापडतात. रंगाऱ्याचा यात काही डाव आहे असे मला वाटत नाही. गणपतीच्या तोंडावर गिऱ्हाईक जे मागते तेच तो देतो.

यजमानांचा 2005 चा दाखला मात्र विचारात घेण्याजोगा आहे. त्यांची आठवण चुकीची नसणार, पण तेव्हाचे घर वेगळे होते हे तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यावरून कळते: पुट्टी, प्लास्टिक पेंट आणि भिंतीत बसवलेली प्लायची कपाटे 2014 मध्ये केली, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. म्हणजे 2005 मध्ये तुम्ही भिंतींना जो ‘रंग’ दिला तो चुना असणार. चुन्याच्या थरातून वाफ आरपार जाते, भिंत आपल्या गतीने वाळत राहते. शिवाय ताजा चुना इतका क्षारधर्मी असतो की बुरशीला त्यावर सुखाने पसरता येत नाही. त्या वर्षी काही बिघडले नाही याचे श्रेय घाईला नाही, चुन्याला आहे.

आता ब्लीच. ठिपके जातात आणि पुन्हा येतात, यात तुमची मेहनत कमी पडते असे मुळीच नाही. ब्लीचचे पाणी फरशी, मोरीच्या टाइल्स, स्टील, प्लास्टिक अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागांवर उत्तम काम करते; आधी साबणाने घासून, मग चार लिटर पाण्यात एक कप या प्रमाणात लावावे. गिलावा आणि लाकूड यांच्यात मात्र त्यातला क्लोरीन वरच्या वर संपतो आणि पाणी तेवढे आत मुरते. म्हणजे दर चार दिवसांनी तुम्ही बुरशीचा रंग उडवता आणि तिला पाणीही पाजता. शिवाय बुरशी मेली तरी तिचे बीजाणू आणि अवशेष दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास देऊ शकतात, त्यामुळे ती मारण्यापेक्षा काढून टाकणे महत्त्वाचे. एक इशारा सगळ्याच वाचकांसाठी: ब्लीच आणि संडास साफ करायचे ॲसिड, किंवा ब्लीच आणि अमोनिया असलेले काचा पुसायचे द्रावण, कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

नातेवाइकांनी घातलेल्या भीतीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण यंदाच्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे, म्हणजे लोक ज्याला ‘काळी बुरशी’ म्हणतात त्या आजाराचे, रुग्ण पाहिले आहेत आणि ती धास्ती अजून मनातून गेलेली नाही. भिंतीवरचे काळे-हिरवे डाग पाडणाऱ्या बुरशी बहुतेक वेळा दुसऱ्याच जातीच्या असतात. म्युकर गटातल्या बुरशी माती, कुजका पालापाचोळा, शिळा पाव अशा ठिकाणी सर्वत्र असतात, आणि त्या आजारातला काळेपणा बुरशीचा नसून मृत झालेल्या पेशींचा असतो. तेव्हा भिंतीवर काळा डाग दिसला म्हणून घरात तो आजार शिरला, असे मानू नका. पण इथेच थांबून निश्चिंत होणेही बरोबर नाही. ज्यांची साखर ताब्यात नाही, ज्यांनी नुकतीच स्टेरॉइड घेतली आहेत, ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्यांना कोणत्याही बुरशीचे बीजाणू मोठ्या प्रमाणात श्वासात जाणे धोक्याचे असते, मग ती भिंतीवरची का असेना. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत यातल्या दोन गोष्टी तरी लागू पडतात. म्हणजे नातेवाइकांनी कारण चुकीचे सांगितले, पण सावधगिरी बरोबर सुचवली.

त्यामुळे त्यांना घरी आणण्याविषयी माझे मत असे: भिंती खरवडण्याचे काम चालू असताना त्यांनी त्या घरात पाऊलही टाकू नये, कारण बीजाणू सर्वांत जास्त उडतात ते त्याच दिवसांत. काम संपून, घर ओल्या फडक्याने पुसून, चांगले आठ-दहा दिवस हवा खेळल्यानंतर, त्यांच्या डॉक्टरांना सगळी परिस्थिती सांगून मगच ठरवावे. वरच्या मजल्यावरची जी एक खोली पाण्याखाली गेली नव्हती, तीच त्यांची खोली असू द्या. आरतीला त्या खाली येतील, मास्क लावून बसतील आणि पुन्हा वर जातील. हे त्यांना तुम्ही सांगण्याऐवजी डॉक्टरांनी सांगितलेले बरे. सुनेच्या तोंडून आलेला तोच सल्ला वेगळा ऐकू येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सुरुवात भिंतीपासून करू नका, प्लायच्या कपाटांपासून करा. बाहेरून ती पुसलेली आणि बरी दिसत असतील, पण तळाचा एक खण काढून मागच्या फळीवर हात फिरवा. फळी फुगून तिचे पापुद्रे सुटलेले असतील, अंगठ्याने दाबले तर ओल्या पुठ्ठ्यासारखी आत जाईल, आणि तिच्या नि भिंतीच्या मधल्या अर्ध्या इंचाच्या फटीत पुराचा गाळ अजून तसाच ओला असेल. घरभर जो कुबट वास तुम्ही लिहिला आहे त्याचे उगमस्थान बहुधा हेच. भुशाच्या बोर्डाचे आणि फुगलेल्या प्लायचे काही होत नाही. फोटो काढून ठेवा आणि ते बाहेर काढा. खर्चाचा जीव तुटतो हे मान्य, पण ते ठेवून भिंत कधीच वाळणार नाही. सागवानी किंवा फणसाच्या अस्सल लाकडाच्या वस्तू मात्र टाकू नका. त्या साबणाच्या पाण्याने घासून, सावलीत, भिंतीपासून दूर, सावकाश वाळवा. कडक उन्हात ठेवल्या तर तडकतात. फुगलेली दारे घासत असतील तरी सुताराला आत्ताच रंधा मारू देऊ नका, कारण डिसेंबरात तीच दारे आकसतील आणि फटी पडतील.

मग भिंती. पाण्याच्या रेघेच्या, आणि डाग त्याहून वर गेले असतील तर त्या डागांच्या, फूट-दीड फूट वरपर्यंत सगळी पुट्टी आणि रंग पत्र्याने खरवडून गिलावा उघडा करायचा आहे. कोरडे खरवडू नका. आधी साबणाचे पाणी फवारून पृष्ठभाग ओलसर करा म्हणजे धूळ आणि बीजाणू उडणार नाहीत. घरात फार जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून पॉलिश पेपरने कोरडे घासणे तर टाळाच. काम करणाऱ्या प्रत्येकाला एन-95 मास्क, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा. कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही. गिलाव्यावर बोटांच्या पेरांनी ठोकत जा, जिथे पोकळ आवाज येईल तिथला गिलावा सुटलेला आहे, तो पाडून टाका. खाली पडलेला चुरा त्याच दिवशी पिशवीत भरून तोंड बांधून बाहेर न्या. या वेळी पंखा बंद ठेवा आणि खोलीचे आतल्या बाजूचे दार लावून घ्या. काम संपल्यावरच पंखे लावा. बाहेरून एक फेरी मारायलाही विसरू नका. उपसलेला चिखल पुष्कळदा जोत्याला लागूनच ढीग करून ठेवलेला असतो आणि गटार तुंबलेले असते. मग भिंत आतून वाळवायची आणि बाहेरून भिजवायची असा खेळ चालू राहतो.

वाळवण्याबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे, तो असा की खिडक्या सताड उघड्या ठेवल्या की घर वाळते. पाऊस कोसळत असताना बाहेरची हवा आतल्याइतकीच किंवा अधिक दमट असते. उघडीप पडून ऊन आले की सगळी दारे-खिडक्या उघडा, एका खिडकीत पंखा बाहेर तोंड करून ठेवा म्हणजे तो आतली हवा ओढून बाहेर टाकेल. पावसाच्या तासांत आणि रात्री मात्र बंद करा. एसी असेल तर तो ड्राय मोडवर चालवा. काही दिवस भाड्याने डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारे यंत्र, मिळाला तर त्यासारखे साधन नाही, पण तो चालू असताना खोली बंद हवी आणि त्याची टाकी वेळेवर रिकामी करायला हवी. हवेतली आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र काही शे रुपयांना मिळते. बंद खोलीत आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राखता आली तर बुरशीची वाढ रोखली जाते. कोळशाची शेगडी पेटवून खोली शेकण्याची पद्धत आपल्याकडे आहे, तिच्या वाटेला कृपा करून जाऊ नका. बंद खोलीतल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच दगावतो. गॅसची शेगडी तर जळताना स्वतःच वाफ सोडते. धुरीने वास दबतो, ओल जात नाही.

विजेचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारते: जमिनीलगतचे प्लग उघडून पाहिले आहेत का? भिंतीतल्या पाइपांत पाणी आणि गाळ साचून राहतो. ओली भिंत खरवडण्यापूर्वी त्या खोलीचा वीजपुरवठा मेन स्विचवरून बंद करा आणि परवानाधारक वायरमनकडून वायरिंगचे इन्सुलेशन व अर्थिंग तपासून घ्या. यात काटकसर नको.

गाद्या आणि गोधड्या यांचा निवाडा तुमच्या घरात एकत्र होतो आहे, तो वेगळा करा. बाजारपेठेतल्या पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असतेच. कापसाची किंवा फोमची गादी त्यात भिजली, की ती आतून स्वच्छ करण्याचा घरगुती मार्ग नाही. उन्हात वर वर वाळते आणि मधला गोळा महिनाभर ओला राहतो. गाद्या द्याच टाकून. गोधडी ही मात्र सुती लुगड्यांचे थर शिवून केलेली असते, तिच्यात कापूस नसतो. कढत पाण्यात साबण घालून भिजवा, दोनदा धुवा, दोन्ही बाजूंनी ऊन दाखवा. त्यानंतरही वास राहिला तर टाके उसवून थर सुटे धुता येतात आणि पुन्हा शिवता येतात. तेव्हा गोधड्यांच्या बाबतीत सासूबाई बरोबर आहेत, गाद्यांच्या बाबतीत तुम्ही. हे घरात मोठ्याने सांगायला हरकत नाही. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका, स्वच्छ गार पाण्यात भिजवून हलकेच सुटे करा. जो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे त्याला हात न लावता काचेवरूनच त्याची प्रत काढून घ्या.

एवढे झाल्यावर गणपतीची तयारी. उघड्या गिलाव्यावर चुन्याचे पातळ दोन हात द्या. चुना प्लास्टिक पेंटवर धरत नाही, म्हणून आधी खरवडणे आवश्यक होते. नीट भिजवलेला, गाळलेला चुना घ्या, डोळे जपा, आणि पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा देऊ नका. त्यात चिमूटभर नीळ टाकली तर पांढरेपणा खुलतो. खालचा भाग पांढरा आणि वरचा जुन्या रंगाचा असे घर दिसेल, आणि टेकलेल्या पाठीला थोडा चुना लागेल, पण चिपळुणात यंदा ज्याच्या घरी ते तसे नाही असे घर तुम्हाला शोधावे लागेल. मखर भिंतीला टेकवू नका. बांबूच्या सुट्या चौकटीवर, भिंतीपासून हातभर पुढे उभारा. कागदाच्या किंवा कापडाच्या सजावटीच्या मागे ओल कोंडली तर दहा दिवसांत तिथे बुरशी धरेल. दिरांना आधीच फोन करून सांगा की झोपण्याची सोय यंदा वर किंवा शेजारी आहे. आल्यावर कळण्यापेक्षा ते बरे.

रंगाऱ्याला परत पाठवू नका. खरवडण्याचे आणि चुन्याचे काम त्यालाच द्या म्हणजे त्याचाही सण होईल, आणि पुट्टीचे काम पुढे त्यालाच मिळेल असा शब्द द्या. ऑक्टोबरची हीट आणि त्यानंतरचे कोरडे वारे, हा कोकणातल्या भिंतीचा खरा वाळण्याचा काळ आहे. दिवाळीनंतर दर पंधरा दिवसांनी प्लास्टिकची तीच परीक्षा प्रत्येक खोलीत, खाली आणि कंबरेशी, करत राहा. दोन वेळा ओळीने थेंब दिसले नाहीत तर त्या खोलीत पुट्टी भरायला हरकत नाही. उत्तरेकडची किंवा मोरीलगतची भिंत बहुधा सर्वांत शेवटी वाळेल आणि तिच्यासाठी कदाचित मार्च उजाडेल. तोवर भिंतीवर पांढरी, पिठासारखी पूड दिसली तर घाबरू नका. तो बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर आलेला खार आहे. तो कोरड्या ब्रशने झाडून काढा, पाण्याने पुसू नका, नाहीतर तो पुन्हा आत जाईल. आणि नवी कपाटे करायची वेळ आली की सुताराला एवढेच सांगा, की या वेळी ती भिंतीत ठोकायची नाहीत, पायांवर उभी करायची आणि मागे चार बोटे मोकळी सोडायची.